पाऊस नसताना गळणारा पोटमाळा : एका घराच्या ओलीचा तपास

तक्रार अशी होती. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या सीलिंगवर तपकिरी डाग, पोटमाळ्यात कुबट वास, आणि छपराची दोनदा दुरुस्ती होऊनही डाग वाढतच चाललेले. घरमालकांनी बोलता बोलता एक वाक्य टाकलं, ते सगळ्यात कामाचं निघालं. "पावसात जेवढं गळलं नाही तेवढं आता थंडीत गळतंय, आणि आभाळ तर महिनाभर कोरडं आहे."

घर दुमजली, उतरत्या छपराचं. लाकडी वासे, त्यांवर प्लायवूड, प्लायवर पाणी अडवणारा थर आणि सगळ्यात वर पत्रा. पत्रा बसवताना मारलेल्या स्क्रूंची टोकं प्लायमधून आरपार येऊन पोटमाळ्यात दिसतात. खाली जिप्समचं सीलिंग आणि त्यावर थंडीसाठी अंथरलेलं रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या खनिज तंतूंचा कापसासारखा थर. मधली पोकळी म्हणजे पोटमाळा. सामान ठेवण्याइतकीही जागा नाही, माणूस वाकून जेमतेम फिरतो. हिवाळा कडक असतो, पहाटे बाहेर चार अंशांपर्यंत पारा उतरतो, त्यामुळे घरात हीटर चालतो आणि खिडक्या बंद राहतात.

इतिहास थोडक्यात असा. पहिला डाग पावसाळ्यातच दिसला होता, बाथरूमला लागून असलेल्या खोलीत, ताटलीएवढा. छपराचं काम करणाऱ्यांनी पत्र्याचा प्रत्येक सांधा सिलिकॉनने भरला. आढ्यावरच्या टोपीखाली जी फट होती, तीही "इथून पाऊस आत उडतो" म्हणून बंद केली. पुढच्या पावसात डाग पुन्हा ओला झाला, तेव्हा सगळ्या पत्र्यावर वॉटरप्रूफिंगचा रंग मारला गेला. त्याच सुमारास थंडीला उपाय म्हणून रॉकवूलचा आणखी एक थर पडला. त्यानंतरच्या हिवाळ्यात डाग एकाचे पाच झाले आणि दुसऱ्या खोलीतही पोचले.

जागा नंतर, आधी वेळ

गळतीचा शोध म्हटलं की सगळे डागाकडे बघतात आणि डागाच्या बरोबर वर छपराला भोक शोधतात. उतरत्या छपरात हे क्वचितच जमतं. पाणी आत शिरतं एकीकडे, प्लायच्या खालच्या अंगाने किंवा वाशाच्या कडेने उतारावरून घसरतं, आणि एखाद्या गाठीशी, खिळ्याशी किंवा सांध्याशी अडून तिथे टपकतं. शिरण्याची आणि टपकण्याची जागा यांत मीटर-दोन मीटर अंतर सहज पडतं. म्हणून "कुठे" या प्रश्नाआधी "कधी" हा प्रश्न विचारावा, असं माझं ठाम मत आहे. वेळ खोटं बोलत नाही.

पाणी छपराखाली येण्याचे मार्ग मोजकेच असतात. पावसाचं पाणी वरून. नळाचं किंवा टाकीचं पाणी, जर पाइप पोटमाळ्यातून जात असतील तर. एसीचं निचऱ्याचं पाणी, जर यंत्र वर बसवलेलं असेल तर. आणि घरातल्या हवेतली वाफ, जी खालून वर जाते आणि थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. पाऊस पडल्यावर काही वेळात ओल दिसली तर पहिला मार्ग. ऋतू कोणताही असो, ओल रोज सारखीच राहिली तर दुसरा. उन्हाळ्यात एसी चालू असतानाच दिसली तर तिसरा. थंडीत, कोरड्या आभाळाखाली, पहाटे दिसली तर चौथा.

घरमालकीणबाईंनी कॅलेंडरवर ठिपके मारून ठेवले होते. ज्या सकाळी टपटप आवाज आला त्या तारखेला एक ठिपका. असं कोणी करत नाही, पण केलं तर अर्धा तपास तिथेच होतो. त्या तारखांच्या शेजारी हवामानाच्या नोंदी ठेवून पाहिल्या, तर ठिपके सगळे निरभ्र रात्रींनंतरचे. ढगाळ रात्रीनंतरची सकाळ कोरडी. टपटप सुरू व्हायची तीही रात्री नव्हे, ऊन छपरावर आल्यावर.

घरच्यांना हे चक्रावून टाकणारं वाटत होतं, पण यातच उत्तर होतं. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश जास्त गार होतो. ढग असले की ते उष्णता परत पाठवतात, पत्रा तितका गार पडत नाही. म्हणजे या घरात पाणी आकाशातून पडत नव्हतं. आकाश मोकळं असलं की छप्पर गार पडत होतं आणि पाणी आतल्या आत तयार होत होतं. रात्रभर ते थेंब प्लायला आणि स्क्रूंना चिकटून राहत, ऊन आलं की सैल होऊन ओघळत.

तरीही पहिला डाग पावसाळ्यातला होता, हे विसरून चालणार नव्हतं.

वर चढल्यावर

पोटमाळ्यात शिरताना मास्क, हातमोजे आणि डोक्याला टॉर्च. पाय फक्त सीलिंगच्या लाकडी आडव्यांवर, कारण जिप्समवर पाय पडला तर माणूस थेट खालच्या खोलीत. ओल्या जागेतून वायरिंग जात असेल तर त्या भागाची वीज आधी बंद.

पहिली गोष्ट दिसली ती स्क्रूंची टोकं. ज्या पाखाला ऊन कमी मिळतं तिथली जवळजवळ सगळी गंजलेली. त्यांच्या बरोबर खाली रॉकवूलवर बारीक बारीक खड्डे, थेंब पडून पडून झालेले, स्क्रूंच्या ओळीबरहुकूम. प्लायवर काळपट बुरशी, पण एका जागी गोळा झालेली नाही, सगळीकडे पातळ पसरलेली. गळतीचा डाग असा नसतो. गळतीला एक मूळ असतं, तिथून ओघळ निघतो, आणि प्रत्येक पावसानिशी एकात एक वलयं वाढत जातात. उन्हाच्या पाखाखाली स्क्रू बरेच स्वच्छ होते.

अपवाद एकच. बाथरूमचा व्हेंट पाइप, म्हणजे सांडपाण्याच्या नळीतला वायू वर सोडणारी नळी, जिथे छपरातून बाहेर जातो, तिथे प्लायवर गडद, एकवटलेला डाग आणि त्यातून निघून वाशाच्या कडेने खाली गेलेला एक ओघळ. तो वाशाच्या एका गाठीशी थांबत होता, आणि त्या गाठीखाली होता पहिला, ताटलीएवढा डाग. म्हणजे एकाच पोटमाळ्यात दोन वेगळ्या सह्या होत्या. या प्रकरणातला सगळा घोळ यामुळेच झाला होता: दोन आजार, आणि लक्षण मात्र एकच, सीलिंगवर तपकिरी डाग.

मग बाथरूमचा एक्झॉस्ट. पंख्यापासून वर गेलेली ती घडीची लवचीक नळी बाहेर जायलाच हवी होती. ती कॉलरमधून निसटून रॉकवूलवर आडवी पडली होती. क्लॅम्प नव्हताच, नुसती टेप, आणि तीही वाळून सुटलेली. नळीच्या घडीत पाणी साचलेलं. पंखा लावला की बाथरूमची सगळी वाफ थेट पोटमाळ्यात. ती कधी निसटली हे सांगता येणार नाही. रॉकवूल टाकताना कुणाचा पाय लागला असेल, किंवा आधीपासूनच लोंबत असेल.

शेवटी वळचण. वळचणीखालच्या जाळ्यांमधून बाहेरची कोरडी हवा आत यावी आणि आढ्याखालच्या फटीतून बाहेर जावी, अशी मूळ रचना होती. आढ्याची फट सिलिकॉनने बंद. वळचणीकडे नव्या रॉकवूलचे तुकडे शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ठासून भरलेले. बाहेरून जाळ्या दिसत होत्या, आतून मात्र श्वास कोंडलेला.

आकडे

डोळ्यांनी कळलं तरी मोजल्याशिवाय मी दुरुस्ती सुचवत नाही. तीन ठिकाणी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रं ठेवली: घरात, पोटमाळ्यात आणि बाहेर सावलीत. एका निरभ्र पहाटेच्या नोंदी अशा होत्या. घरात २० अंश आणि ५५ टक्के, पोटमाळ्यात ९ अंश आणि ९० टक्के, बाहेर ४ अंश आणि ८० टक्के.

नुसत्या टक्केवारीवर जाऊ नये. टक्के सापेक्ष असतात, तापमान बदललं की तेही बदलतात. बाहेरचे ८० आणि पोटमाळ्यातले ९० जवळजवळ सारखे वाटतात, आणि मग "बाहेरचीच दमट हवा आत येतेय" असा निष्कर्ष निघतो. म्हणून प्रत्यक्ष वाफ किती, हे काढायचं. २० अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, ९ अंशांना सुमारे ९ ग्रॅम, ४ अंशांना सव्वासहा-साडेसहा. त्या हिशेबाने घरात प्रत्येक घनमीटरला साडेनऊ ग्रॅम, पोटमाळ्यात जवळपास आठ, आणि बाहेर पाच. पोटमाळ्यातली हवा बाहेरच्या हवेशी नव्हे, घरातल्या हवेशी नातं सांगत होती. बाहेरून पाच ग्रॅमची हवा येऊन आठ ग्रॅमची होऊ शकत नाही; वरचे तीन ग्रॅम कुणीतरी रोज रात्री पुरवत होतं.

आणि प्लायची खालची बाजू त्या पहाटे साडेपाच अंशांवर होती. पोटमाळ्यातल्या त्या हवेचा दवबिंदू सात अंशांच्या थोडा वर. दवबिंदूपेक्षा गार पृष्ठभाग मिळाला की वाफेचं पाणी होतं, त्यात वाद नाही. स्क्रू धातूचे आणि थेट पत्र्याला जोडलेले, म्हणून तेच सगळ्यात आधी गार पडत आणि थेंब आधी तिथेच धरत.

एक्झॉस्टचा वाटाही अंदाजे काढला. गरम अंघोळ चालू असताना बाथरूमची हवा २४ अंश आणि ९० टक्क्यांवर जाते असं धरलं, तर घनमीटरला १९-२० ग्रॅम वाफ. साधा पंखा तासाला ८० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे पंधरा मिनिटांत २० घनमीटर. ती हवा पाच अंशांच्या प्लायला लागून गार झाली तर अंघोळीमागे पाव लिटर पाणी. हा वरच्या टोकाचा अंदाज, कारण सगळी वाफ काही प्लायपर्यंत पोचत नाही. पण घरात चार माणसं आणि अंघोळी बहुतेक रात्रीच्या, पंखाही मग रात्रीच चालणार. छपराला भोक नसतानाही बादलीची वेळ का येत होती ते यावरून कळतं.

लाकडातली ओल मोजणाऱ्या मीटरने सावलीच्या पाखाखालचं प्लाय २६ टक्के दाखवलं, उन्हाच्या पाखाखालचं १७. वीसच्या वर बराच काळ राहिलं की बुरशी आणि पुढे कूज यांना वाट मोकळी होते. या मीटरच्या सुया स्क्रूजवळ टोचू नयेत, धातूमुळे आकडा फुगतो. प्लायमधल्या चिकटद्रव्यामुळेही थोडा फरक पडतो. त्यामुळे एका सुट्या आकड्यापेक्षा एकाच मीटरने, त्याच जागी, पुन्हा पुन्हा घेतलेले आकडे जास्त विश्वासाचे.

एक साधी चाचणीही लावून ठेवली होती. पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा प्लायला चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा आणि ऊन येण्याआधी बघायचा. थेंब प्लास्टिकच्या खालच्या, म्हणजे आपल्याकडच्या अंगाला असतील तर ते हवेतून आलेले. प्लास्टिक आणि प्लाय यांच्या मध्ये असतील तर वरून किंवा लाकडातूनच आलेले. ऊन आल्यावर बघितलं तर चाचणी फसते, कारण तापलेलं ओलं लाकूड स्वतःच वाफ सोडतं. इथे सावलीच्या पाखावरचे तिन्ही तुकडे खालच्या अंगाने ओले होते. व्हेंट पाइपजवळचा चौथा दोन्ही अंगांनी.

खालच्या खोल्यांत सीलिंगजवळ उदबत्तीचा धूर धरून पाहिला. पोटमाळ्याच्या झाकणाच्या कडेशी, सीलिंगमध्ये बसवलेल्या दिव्यांच्या गोल कापांशी आणि व्हेंट पाइपभोवतीच्या फटीशी धूर सरळ वर ओढला जात होता. गरम हवा वर चढते आणि फट मिळेल तिथून निसटते. रॉकवूल तिला अडवत नाही; ते उष्णतेला रोखतं, हवेला नाही. जाड थर टाकून घरच्यांना ऊब मिळाली, पण पोटमाळा आणखी गार झाला आणि वाफ पूर्वीइतकीच वर जात राहिली. नळाच्या पाण्याची शंका मात्र लगेच मिटली: सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघितला, काटा हलला नाही.

पाइपची गळती

उरला तो पावसाळी डाग. होज पाइपने छपरावर पाणी सोडून बघायचं, पण खालून वर. आधी पाइपच्या खालच्या बाजूचा पत्रा, मग दोन्ही बाजू, मग वरची बाजू, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं, आणि आत टॉर्च घेऊन एक माणूस. वरूनच धार सोडली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. खालचा पत्रा कोरडा गेला, बाजूही. वरच्या अंगाने पाणी सुरू केल्यावर काही मिनिटांत आतून हाक आली.

पाइपभोवतीची रबराची कॉलर वरच्या बाजूला उन्हाने तडकली होती. ती भेग सिलिकॉनच्या जाड थराखाली झाकली गेली होती, पण तो थर एका कडेला सुटून उचलला गेला होता. त्याहून वाईट म्हणजे फ्लॅशिंगची, म्हणजे पाइप आणि पत्रा यांचा सांधा झाकणाऱ्या पट्टीची, खालची कडही कुणीतरी सिलिकॉनने पक्की बंद केली होती. ती कड उघडी असते ती मुद्दाम: चुकून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर यावं म्हणून. ती बंद झाल्यावर आत गेलेलं पाणी अडकलं आणि त्याने प्लायची वाट धरली. सिलिकॉनची बंदूक हातात आली की दिसेल ती फट भरायची, ही खोड फार महागात पडते. छपरावरच्या निम्म्या फटी कामाच्या असतात.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

घरमालकांना कुणीतरी पोटमाळ्यात विजेचा मोठा एक्झॉस्ट पंखा बसवण्याचा सल्ला दिला होता. मी नको म्हणालो. वळचण कोंडलेली आणि सीलिंग फटींनी भरलेलं असताना वर पंखा लावला, तर तो हवा कुठून ओढणार? घरातूनच. वाफ आणखी वेगाने वर आली असती आणि हीटरची ऊबही तिच्याबरोबर गेली असती.

म्हणून आधी वाफेचा झरा बंद केला. एक्झॉस्टची लवचीक नळी काढून कडक पाइप टाकला, बाहेरच्या दिशेला उतार दिला, त्यावर इन्सुलेशन गुंडाळलं आणि सांधे क्लॅम्पने कसले. तोंड काढलं बाजूच्या त्रिकोणी भिंतीतून. वळचणीखाली काढलं असतं तर तीच वाफ जाळीतून परत आत ओढली गेली असती. मग सीलिंगच्या फटी: झाकणाला रबरी पट्टी, दिव्यांच्या कापांना उष्णता सोसणाऱ्या झाकणपेट्या, पाइपभोवती फोम. हे सगळं झाल्यावरच वळचणीतलं रॉकवूल मागे सारलं आणि प्रत्येक दोन वाशांमध्ये एक पन्हाळीसारखी पट्टी बसवली, म्हणजे प्लायखाली पाच सेंटिमीटरची वाट कायम मोकळी राहील. आढ्यावरचं सिलिकॉन कापून काढलं आणि टोपीखाली जाळी लावली. पोटमाळ्याचं क्षेत्रफळ ९० चौरस मीटर. हवेसाठीच्या एकूण मोकळ्या जागेचा रूढ ठोकताळा क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाचा, म्हणजे इथे ०.३ चौरस मीटर, साधारण निम्मी खाली वळचणीला आणि निम्मी वर आढ्याला. जाळीच्या तारांनी अडवलेली जागा त्यातून वजा करायची असते, हे बऱ्याचदा राहून जातं. पाइपची कॉलर बदलली, फ्लॅशिंगची वरची कड पत्र्याखाली सरकवली, खालची मोकळी ठेवली. डागाजवळचं प्लाय बोटाने दाबलं तर आत जात होतं, तेवढा तुकडा बदलला. बाकीचं लाकूड टणक होतं, ते ठेवलं.

हा क्रम थंड हवेच्या घराचा आहे. जिथे बाहेरची हवाच गरम आणि दमट, आणि घर एसीने गार ठेवलेलं, तिथे गणित उलटं होतं. तिथे बाहेरून आलेली हवा एसीच्या गार डक्टवर पाणी सोडते, आणि जाळ्या वाढवल्या की त्रासही वाढू शकतो. तीन ठिकाणच्या वाफेचा तोच हिशेब तिथेही करायचा. जास्त ग्रॅम ज्या बाजूला, झरा त्या बाजूला.

काम संपल्यानंतर यंत्रं तिथेच ठेवली. पुढच्या निरभ्र रात्रींत पोटमाळ्यातली वाफ बाहेरच्या हवेच्या जवळ उतरली आणि स्क्रू कोरडे राहिले. सावलीच्या पाखाचं प्लाय मात्र सावकाश वाळलं. काही आठवड्यांनी २० च्या खाली, आणि हिवाळा संपता संपता १४ वर. काळी बुरशी घासून काढली तरी छटा राहिलीच. ती तशीच राहील. आकडे खाली असेपर्यंत तिच्यामागे लागण्याची गरज नाही. पाइपची खरी परीक्षा पावसात व्हायची होती. पहिल्या दोन मोठ्या सरींनंतर वर जाऊन मीटर टोचला, बदललेल्या तुकड्यावर १३.

घरमालकांची शेवटची घाई सीलिंग रंगवायची होती. ती पावसानंतरच्या नोंदींपर्यंत थांबवून ठेवली होती, कारण रंग लागला की पुन्हा ओल आली तरी महिनोन्‌महिने कळत नाही. आणि डागावर थेट पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग मारू नये. तपकिरी छटा त्यातून पुन्हा वर येते. आधी डाग दाबणारा, तेलात किंवा शेलॅकमध्ये बनवलेला प्रायमर, तो पूर्ण वाळल्यावर रंग.